शाल-श्रीफळ पुरे!

सीना नदीच्या पुराने माढा-मोहोळची शेतं खरवडून नेली आणि सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान एकदाचं उडालं. दोन्हींवर भरपूर लिहून झालंय. आम्हाला वर्षभर सलत राहिला तो मागच्या ३ डिसेंबरचा, जागतिक दिव्यांग दिनाचा एक समारंभ. दहावीत पहिली आलेली कर्णबधिर मुलगी व्यासपीठावर उभी, खांद्यावरून शाल घसरतेय. प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, "पुढं काय करणार ही?" विचारलं तिच्या शाळेतल्या बाईंना. बाईंनीही तिच्याकडे न बघता सांगून टाकलं, "शिवणकाम." टाळ्या!

शिवणकामात कमीपणा नाही. गणवेशांच्या या शहरात तर मुळीच नाही. राग याचा, की त्या पोरीला दुसरं काही कुणी दाखवलेलंच नव्हतं.

आमच्या यंदाच्या अंकाचा विषय 'कसब'. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या पोराला तुटलेला धागा जोडायला कुणी वर्गात शिकवलं नाही. नोकरी-धंदाही मुलांना असाच कळतो. काका जेवताना बँकेतल्या भानगडी सांगतो, सुट्टीत मामाच्या गल्ल्यावर बसायला मिळतं. बहिऱ्या मुलीच्या कानावर काकाचं बोलणं पडत नाही. काउंटरपलीकडचा माणूस काय करतो, ते अंध मुलाला दिसत नाही. त्यांना मुद्दाम न्यावं लागतं. आपण तेवढं सोडून सगळं करतो: तीनचाकी, शिलाई मशीन, फोटो.

वाट दाखवणारं कुणी समोर दिसलं तर काय होतं, ते नसीमा हुरजूक यांच्याकडे बघून कळतं. त्यांचा जन्म सोलापूरचाच, १९५० चा. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उभारी मिळाली ती बाबूकाका दिवाण भेटल्यावर. स्वतः अपंग असून उद्योग सांभाळणारा माणूस समोर दिसला. पुढे नसीमादीदींनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र वाचून डोळे पुसणारे आमचे वाचक पुष्कळ. त्यांतले बाबूकाका किती झाले?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या. पण नोकरीत दिवसभर करतात काय हेच ज्याने पाहिलं नाही, तो अर्ज कशाच्या भरवशावर करणार?

आमचे वाचक वकील आहेत, सीए आहेत, चादरीचे कारखानदार आहेत. नववी-दहावीतलं एक दिव्यांग मूल आठवडाभर शेजारी बसवा. हिशेब, गिऱ्हाइकाची हुज्जत, साहेबांचं ओरडणं, सगळं त्याच्यापर्यंत पोचू द्या. माग बंद करून अंध मुलाचे हात ताण्यावरून फिरू द्या. खुणांची भाषा येत नाही, ही सबब सांगू नका. कागद-पेन्सिल आहे, शाळेतल्या बाई आहेत, विचारून तर बघा.

येत्या ३ डिसेंबरला पाहुणे म्हणून बोलावणं आलं, तर शाल राहू द्या. "सोमवारी दहाला माझ्याकडे पाठवा," एवढं त्या मुलालाच सांगा आणि खाली बसा.