मरगळीला आळस म्हणू नका!

पहाटे पाचला दौंडच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे. राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्र. ५ आणि गट क्र. ७ चे हे गाव. भरतीची जाहिरात निघाली की अंधारातच पोरे धावू लागतात. ५ किलोमीटर धावण्याला ५० गुण, हे त्यांना तोंडपाठ असते. भरती लांबली की आठवडाभरात रस्ता ओस पडतो. मग चहाच्या टपरीवरची वडीलधारी मंडळी निकाल देऊन मोकळी होतात, "आपली पोरंच आळशी. मोबाईलनं वाया घातली."

हा निकाल आम्हाला मान्य नाही.

आळशी माणसाला काम नकोच असते. मरगळलेल्याला ते हवे असते, पण हात उचलत नाही, आणि उचलत नाही म्हणून तो रात्रभर मनात जळत राहतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. शिरूरला रांजणगावची एमआयडीसी, दौंडला कुरकुंभची. कारखाने दाराशी आले, पण वस्तीतला आयटीआय झालेला पोरगा ठेकेदाराच्या हजेरीवर जातो, काही महिन्यांनी त्याला 'ब्रेक' मिळतो, पुन्हा नवा ठेकेदार. शिष्यवृत्ती अनेकदा परीक्षा उरकल्यावर खात्यात येते. एमपीएससीचे तर विचारूच नका! २०२२ मध्ये राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे ठरले. २०२३ मध्ये मुले पुण्यात रस्त्यावर बसली, तेव्हा तो बदल २०२५ वर गेला. त्याआधी २०२१ मध्ये, मुख्य परीक्षा पास होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका तरुणाने पुण्यात जीव दिला. त्याला कोण आळशी म्हणेल?

सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले होते. काहीही केले तरी विजेचा झटका थांबत नाही, असा अनुभव घेतलेली बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बसून राहिली. असहायता शिकली जाते, असा अर्थ तेव्हा काढला गेला. २०१६ मध्ये त्याच दोघांनी आपले म्हणणे दुरुस्त केले. सतत मार बसला की खचून बसणे हे आपोआप घडते, 'माझ्या करण्याने काही बदलते' हे मात्र शिकावे लागते. आमच्या पोरांना हे शिकण्याची संधी कुणी दिली?

आता आमच्याच लोकांना दोन शब्द. १ जानेवारीला शिरूरहून, दौंडहून गाड्या भरभरून लोक जयस्तंभाला जातात. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण रात्रभर चालून कोरेगावला पोहोचली आणि दिवसभर उपाशी लढली, हे प्रत्येक वक्ता सांगतो. ऐकून अंगावर काटा येतो. पण २ जानेवारीला त्या पोराने कुठे बसून अभ्यास करायचा? 'प्रेरणा घ्या' म्हणणारे शंभर, 'चल, माझ्याबरोबर बस' म्हणणारा एक नाही.

खुद्द बाबासाहेबांचे शिक्षण १९१७ मध्ये अर्धवट तुटले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, पुस्तके जहाजाबरोबर बुडाली, बडोद्यात राहायला जागा मिळेना. पण लंडनला परतायला चार वर्षांची मुदत होती, ती त्यांना ठाऊक होती. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात नोकरी लागली, पगारातून पैसे साठू लागले. शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनी हात दिला, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. जिद्द तर होतीच. पण ठरलेली मुदत, महिन्याला थोडी तरी पडणारी भर आणि पाठीवर हात, हेही होते. आम्ही नेमके हेच सांगायचे विसरतो.

अंगुत्तर निकायात एक प्रसंग आहे. ध्यानाला बसलेल्या मोग्गल्लानाला डुलक्या येऊ लागल्या. बुद्ध त्याच्यावर चिडले नाहीत. पाठ म्हण, कान ओढ, अंग चोळ, डोळ्यांवर पाणी मार, ताऱ्यांकडे पाहा, येरझाऱ्या घाल, आणि तरीही झोप हटली नाही तर उठण्याचे मनाशी ठरवून थोडा आडवा हो. सगळे उपाय हातातले, आणि शेवटी विश्रांतीलाही मुभा!

असे हातातले उपाय दौंड-शिरूरमध्येही करता येतील. निवृत्त जवानांची दौंडला वाण नाही. एकाने पहाटे घड्याळ घेऊन उभे राहावे, प्रत्येकाची वेळ भिंतीवर लिहावी. २७ मिनिटांची २६ झाली, तर ती कमाई त्या पोराची. तिला जाहिरात लागत नाही. अभ्यासालाही तसेच: रोज एक तास, ठरलेली जागा, शेजारी दुसरा कुणीतरी. मात्र झोप, भूक उडाली आणि दोन आठवडे मन उठतच नसेल, तर तो आजार असू शकतो. तिथे उपदेश नको, डॉक्टर हवा. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे.

राहिला प्रश्न जागेचा. आमच्या गावोगावच्या विहारांना बहुतेक दिवस कुलूप असते. यंदाच्या जयंतीची पावतीपुस्तके छापायला टाकण्याआधी कार्यकर्त्यांनी एवढे विचारावे, किल्ली कुणाकडे आहे?