बोरलॉगचा 'टाईप' कोणता?

प्लेसमेंटचा सीझन आला की हॉस्टेलमध्ये पर्सनॅलिटी टेस्टची साथ येते. भराभर टिकमार्क करा, की कपाळावर चार अक्षरांचा शिक्का! मग अमका 'लीडर', तमका 'इंट्रोव्हर्ट'. मंडळी, मला या शिक्क्यांचा राग आहे, आणि त्याला कारण आहे नॉर्मन बोरलॉग.

१९१४ साली अमेरिकेतल्या आयोवात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत चक्क नापास झाला होता (केटीवाल्यांनी नोंद घ्यावी!). मागच्या दाराने आत शिरला, कुस्ती खेळला, वनशास्त्र शिकला, मग वनस्पतींचे रोग. १९४४ मध्ये मेक्सिकोत गेला तेव्हा तिथला गहू तांबेऱ्याने जात होता. 'तांबेरा' हा शब्द मला बोरलॉगमुळेच कळला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'रस्ट' म्हणजे फक्त लोखंडाचा गंज.

काम काय, तर उन्हात बसून चिमट्याने गव्हाच्या एकेका फुलातले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या जातीचे पराग टाकायचे. हजारो वेळा! नवं वाण निघायला वर्षानुवर्षं लागतात, आणि याला तर घाई. म्हणून याने ठरवलं, वर्षात दोन पिकं घ्यायची. उन्हाळ्यात टोलुकाच्या डोंगरात, हिवाळ्यात हजारएक किलोमीटर उत्तरेला सोनोरात. पुस्तकं म्हणत होती, बियाण्याला मध्ये विश्रांती हवी. वरिष्ठ जॉर्ज हॅरार 'नाही' म्हणाले. याने सरळ राजीनामा दिला! जुने प्राध्यापक स्टॅकमन मध्ये पडले, म्हणून परवानगी मिळाली. वेळ तर निम्मा झालाच, पण दिवस लहान असो की मोठा, कुठेही येणारा गहू हाती लागला. जपानच्या बुटक्या नोरिन १० जातीचं रक्त त्यात आलं, आणि भरपूर खत घातलं तरी पीक लोळेनासं झालं. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून असं १८,००० टन बियाणं आणलं. १९६५ चं आपलं सव्वा कोटी टनांचं पीक १९७० मध्ये दोन कोटी टनांवर गेलं.

आता सांगा, साहेबाच्या तोंडावर राजीनामा देणारा हा गडी आपल्या जीडीत टिकला असता? 'नॉट अ टीम प्लेयर' म्हणून पहिल्याच राउंडला बाहेर! आणि याच माणसाने देशोदेशींच्या तरुणांना मेक्सिकोत आणून, शेतात उभं करून शिकवलं. मग भरा कुठल्या चौकटीत भरता ते.

त्याचा हट्ट नेहमीच बरोबर होता असंही नाही. पंजाबातलं पाणी खोल गेलं, खतांचा मारा वाढला, तरी टीकाकारांचं तो फारसं ऐकून घेत नसे. ते मला पटत नाही. पण १९७० च्या नोबेल भाषणात त्यानेच सांगितलं होतं की हे यश तात्पुरतं आहे, थोडी उसंत मिळाली आहे इतकंच.

त्या नोबेलचा फोन पहाटे चारला मेक्सिको सिटीतल्या घरी आला. घेतला बायकोने. हा तोवर टोलुकाच्या शेतावर निघून गेला होता. शेवटी तीच गाडी काढायला लावून गव्हात त्याला शोधत गेली.