तोंड न उघडता तोंडी परीक्षा

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी कॉन्व्हेंटचा. के.जी.पासून दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी फक्त एक 'विषय' होता, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. खरं तर हाच लेख इंग्रजी विभागात लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण ज्यांनी तो वाचावा असं मला वाटतं, ते मॅगझिन हातात आलं की आधी मराठी विभाग काढतात. म्हणून हा खटाटोप!

विषय आहे इंग्रजीच्या परीक्षेचा. म्हणजे आपल्याला इंग्रजी येतं की नाही हा नाही, तर आपल्याला ते येतं की नाही हे शाळेत कधी कुणी नीट तपासलं का, हा.

मागच्या सेमिस्टरला एक कंपनी इंटर्नशिपसाठी आली होती. माझा रूममेट (नाव लिहू नको म्हणाला, म्हणून आपण त्याला नुसतं 'भो' म्हणू) साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातला. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, मग गावातलंच हायस्कूल. हॉस्टेलची पाण्याची मोटर बंद पडली की रेक्टर सर इलेक्ट्रिशियनच्या आधी ज्याला हाक मारतात, तो हा. अॅप्टिट्यूडमध्ये तो माझ्या पुढे होता. टेक्निकलमध्ये तर मी त्याच्या नोट्सवर पास झालो.

इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री भो म्हणाला, "ते 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' तेवढं लिहून दे ना यार." मी ऐटीत बारा ओळी लिहून दिल्या. पॅशनेट, डायनॅमिक, सेल्फ-मोटिव्हेटेड... सगळा मसाला घातला. रात्री दोनपर्यंत तो गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने चार ओळी म्हटल्या. पाचव्या ओळीला समोरच्या मॅडमनी त्याला हसून थांबवलं आणि साध्या इंग्रजीत विचारलं, तुझे वडील शेतात काय पिकवतात?

भो गप्प.

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "प्रश्न समजला होता रे. कांदा, मका एवढंच म्हणायचं होतं. पण तुझी ती सहावी ओळ मध्येच उभी राहिली, ती हलेचना."

माझं सिलेक्शन झालं. त्याचं नाही झालं. संध्याकाळी त्यानेच माझ्याकडे पार्टी मागितली आणि पोटभर पावभाजी खाल्ली. मला मात्र घास गिळता येईना. कारण मी त्याच्याशी तेच केलं होतं, जे शाळा आणि गाईड मिळून बारा वर्षं करत आले होते. बोलायला शिकवायच्या ऐवजी पाठ करायला दिलं!

बारा वर्षं हा आकडा उगाच नाही. महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आज हॉस्टेलमध्ये राहणारा प्रत्येक मराठी माध्यमाचा मुलगा बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी शिकलेला आहे. बारा वर्षांत माणूस काय नाही शिकत? मग वडील काय पिकवतात, एवढं का सांगता येत नाही?

माझं उत्तर असं आहे की आपल्याला ते कधी कुणी विचारलंच नाही. आणि आपल्याकडे जे परीक्षेत विचारत नाहीत, ते वर्गात शिकवत नाहीत.

दहावीचा पेपर आठवून बघा. मराठी माध्यमाला 'माय इंग्लिश कोर्सबुक', आम्हा इंग्रजी माध्यमवाल्यांना 'इंग्लिश कुमारभारती'. लेखी ८० मार्क, तोंडी आणि अंतर्गत मिळून २०. लेखीत कवितेचं रसग्रहण असतं. कवितेचं नाव, कवीचं नाव, यमक, आवडती ओळ, मध्यवर्ती कल्पना. आवडती ओळ कोणती, हेसुद्धा आपण गाईडमधून पाठ केलं! सगळ्या वर्गाला एकच ओळ आवडते, हा केवढा योगायोग! पत्रलेखनाचा साचा पाठ, भाषणाची सुरुवात पाठ. या पेपरात ८० पैकी ७० मिळवलेला मुलगा हुशार आणि मेहनती आहे, हे नक्की. पण तो इंग्रजीत बोलू शकतो का, हे त्या ७० वरून अजिबात कळत नाही.

राहिले २० मार्क. ते बोलण्या-ऐकण्यासाठीच आहेत. पण हॉस्टेलमध्ये दहा जणांना विचारा, तुमची इंग्रजीची तोंडी कशी झाली होती? मी विचारलं. कुणी म्हणालं, सरांनी रोल नंबर विचारला. कुणी म्हणालं, वही तपासली. एक जण म्हणाला, "तोंडी? ती झाली होती का?" मार्क मात्र सगळ्यांना १७ च्या वर! तोंड न उघडता तोंडी परीक्षा पास होणारे आपणच.

या २० मार्कांचं वजन किती आहे, ते २०१९ साली दिसलं. त्या वर्षीच्या दहावीला भाषा विषयांचे हे अंतर्गत गुण बोर्डाने काढून टाकले होते. २०१८ चा निकाल होता ८९.४१ टक्के, २०१९ चा लागला ७७.१० टक्के. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळं खापर २० मार्कांवर फोडता येणार नाही. पण ते गुण काढले तेव्हा आणि परत दिले तेव्हाही सगळी चर्चा टक्क्यांचीच झाली. मुलं बोलतात का, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

आणि आमच्या बॅचची तर गंमतच! आम्ही दहावीचा इंग्रजीचा बोर्डाचा पेपर दिलेलाच नाही. कोरोनामुळे एप्रिल २०२१ मध्ये परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखीचे ३० आणि तोंडी, गृहपाठ वगैरेचे २० असं गणित मांडून निकाल लागला ९९.९५ टक्के. त्याला इलाज नव्हता, तक्रार नाही. पुढे इंजिनिअरिंगला आलो ते सीईटीवर, आणि सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. इंग्रजीचा एक प्रश्न नाही. म्हणजे हिशोब करा, भोची बोलण्याच्या इंग्रजीची पहिली खरी परीक्षा कुठे झाली? थेट कंपनीच्या केबिनमध्ये! जिथे चुकलं तर सुधारायला दुसरी संधी नाही, तिथे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. व्हिएतनाममध्ये शाळा संपताना जी राष्ट्रीय परीक्षा होते, तिच्यात २०२४ पर्यंत इंग्रजीचा पेपर ६० मिनिटांचा होता आणि त्यात ५० बहुपर्यायी प्रश्न होते. बोलणं नाही, ऐकणं नाही. शब्दाचा उच्चार येतो का, हेसुद्धा कागदावर पर्याय निवडून तपासायचे! २०१८ साली या पेपरात मुलांची सरासरी १० पैकी ३.९१ आली होती. २०२५ पासून तिथे इंग्रजी सक्तीचं न ठेवता ऐच्छिक केलं आहे. लाखो मुलांची परीक्षा एकाच दिवशी घ्यायची म्हटलं की कागद स्वस्त पडतो, हे त्यांनाही कळलंय आणि आपल्यालाही.

मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला सर काय सांगतात? आधी काय मोजायचंय ते ठरवा, मग उपकरण उचला. व्हर्निअरने तापमान मोजलं तर रीडिंग कितीही दशांशांपर्यंत घ्या, ते व्यर्थच. आपण बोलण्याची भाषा कागदाच्या व्हर्निअरने मोजतोय.

याला काही सर मंडळी उत्तर देतात, आणि ते उत्तर मला खोडता येत नाही. आमच्या ओळखीचे एक सर चोपड्याकडच्या आदिवासी पट्ट्यात शिकवतात. ते म्हणाले, "माझ्या वर्गातल्या पोरी घरी पावरी बोलतात. मराठी हीच त्यांची दुसरी भाषा, इंग्रजी तर फार लांब. मी तोंडीत खरे मार्क दिले आणि पोरगी इंग्रजीत अडकली, तर पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागतं. मग मी १८ देतो. तू काय केलं असतंस?"

मी पण १८ दिले असते. खरंच.

पण मग चूक सरांची नाही, रचनेची आहे. एकाच आकड्याकडून आपण दोन कामं करून घेतोय. मुलीला पुढे ढकलायचं काम आणि तिला काय येतं ते सांगायचं काम. पहिलं काम दयेने होतं, दुसरं खरेपणाने. दोन्ही एका आकड्यात कोंबली की खरेपणाचा बळी जातो. माझं म्हणणं, ती वेगळी करा. पास-नापासचे २० मार्क द्यायचे ते द्या. पण शेजारी वेगळा शेरा लिहा, ज्याने कुणी नापास होणार नाही. युरोपात २००१ पासून भाषेसाठी सहा पायऱ्यांची एक पट्टी आहे, ए-वन ते सी-टू. प्रत्येक पायरीवर माणूस त्या भाषेत काय करू शकतो ते लिहिलेलं असतं. आपलं नाव-गाव सांगू शकतो, रस्ता विचारू शकतो, कामाबद्दल मत मांडू शकतो. 'इंग्रजी ७४' या आकड्यापेक्षा 'आपल्या घराबद्दल पाच वाक्यं बोलू शकतो' हे वाक्य मुलाला आणि मास्तरांना जास्त कामाचं आहे.

कुणी म्हणेल, वेळ कुठे आहे? चला, गणित करू, इंजिनिअर आहोत. वर्गात ६० मुलं. प्रत्येकाला ५ मिनिटं. झाली ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास. ३५ मिनिटांची तासिका धरली तर नऊ तासिका. अख्ख्या वर्षात नऊ! परदेशी जाणारे जी आयईएलटीएस देतात, तिची तोंडी ११ ते १४ मिनिटांचीच असते. सुरुवात घर, गाव, शिक्षण अशा सोप्या प्रश्नांनी होते, मग हळूहळू अवघड. वडील काय पिकवतात, हा तिथे अगदी पहिल्या टप्प्यातला प्रश्न झाला असता.

आता माझ्या स्वतःच्या तोंडी परीक्षेबद्दल. दिवाळीत भोच्या गावी गेलो होतो. घरी सगळी अहिराणी. त्याच्या आजीने मला विचारलं, "काय चालू शे?" मी नुसता हसलो. मग, "कथा राहस तू?" समजलं होतं हो! जळगावला राहतो, एवढंच सांगायचं होतं. पण तोंडातून शब्द फुटेना. वीस वर्षं खान्देशात काढून मी अहिराणीत नापास!

आजीने काय केलं? मार्क कापले नाहीत. तोच प्रश्न हळू विचारला. मग हात करून विचारला. मग त्याहून सोपा विचारला. कळण्याची भाकरी वाढता वाढता दहा मिनिटांत तिने माझ्याकडून एक मोडकं वाक्य काढून घेतलं. सगळे हसले, मी पण हसलो आणि पुढचं वाक्य आपोआप आलं. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईला तोंडी परीक्षा कशी घ्यायची हे बरोबर कळत होतं. आणि मला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळलं की केबिनमध्ये भोचं काय झालं असेल. माझं इंग्रजी ही माझी हुशारी नाही. माझ्या आई-बाबांनी भरलेली फी आहे ती. भोला अहिराणी, मराठी, हिंदी येतं आणि चौथी भाषा अर्धी येते. मला दोन पूर्ण येतात आणि शेजारची भाषा येत नाही. तरी 'कम्युनिकेशन स्किल' माझं चांगलं!

कॉलेजातल्या सरांना एक नम्र विनंती. बोर्ड बदलेल तेव्हा बदलेल. पण आपल्या एफ.ई.च्या कम्युनिकेशन स्किल्सच्या टर्मवर्कला आम्ही सगळे एकाच फाईलवरून उतरवून काढतो, हे तुम्हालाही माहीत आहे. ती फाईल बंद करा आणि त्याऐवजी सेमिस्टरला दोनदा, प्रत्येकाला पाच मिनिटं समोर बसवा. मोटर कशी दुरुस्त केलीस, गावाला कसं जातोस, असलं काहीही विचारा. पहिल्यांदा ततपप होईल. होऊ द्या. एफ.ई.ला झालेलं ततपप फुकट असतं, बी.ई.ला त्याची किंमत नोकरी असते.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, आपण तरी कशाला थांबायचं? १९२० च्या दशकात अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. त्यांनी कुणाच्या जी.आर.ची वाट पाहिली नव्हती. आमच्या रूममध्ये सध्या रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं ठरलीत. आधी भो इंग्रजीत बोलतो, पाठ केलेलं एकही वाक्य चालत नाही. मग मी अहिराणीत बोलतो आणि तो पोट धरून हसतो. तक्रार नाही, कारण आधी मी त्याला हसायचो.

परवा त्याने मला कांद्याची चाळ कशी बांधतात ते इंग्रजीत समजावलं. व्याकरणाच्या चुका होत्या. पण हवा खेळती राहावी म्हणून खाली किती मोकळी जागा सोडायची, हे मला बरोबर समजलं.

पुढची कंपनी फेब्रुवारीत येतेय. या वेळी मी त्याला काहीही लिहून देणार नाही.

(टी.ई. मेकॅनिकल, मुलांचे वसतिगृह)