भाषेची सहल

परदेशच्या सहलीला जावयाचें, असें म्हटलें कीं कोणत्या विद्यार्थ्याचें मन उल्हसित होणार नाहीं? आपल्याकडील कांहीं शाळा अलीकडे फ्रेंच शिकणाऱ्या मुलामुलींना पॅरिस शहरीं नेऊं लागल्या आहेत. आईबाप मोठ्या हौसेनें पैसे भरतात, आठ-दहा दिवसांनीं मुलें आनंदानें परत येतात आणि शेंकडों छायाचित्रें घरोघर पाहिलीं जातात. या आनंदाला आमचा मुळींच विरोध नाहीं. परंतु ज्या सहलीला ‘भाषेच्या वर्गाची सहल’ असें नांव दिलें जातें, तिच्यापासून भाषेला काय लाभ झाला, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं अवश्य विचारला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

अशा सहलींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळीं मोटारींत बसावयाचें, १८८९ सालीं उभारलेला आयफेल मनोरा पाहावयाचा, लूव्र संग्रहालयांतील चित्रांवरून नजर फिरवावयाची आणि सायंकाळीं सेन नदींतून नौकाविहार करावयाचा. वाटाड्या इंग्रजींत बोलतो, जेवण हिंदी पद्धतीचें ठरविलेलें असतें, आणि तीस-चाळीस मुलें आपसांत मराठी, हिंदी वा इंग्रजी बोलत हिंडतात. फ्रेंच भाषा काय ती दुकानांच्या पाट्यांवर दिसते. डोळ्यांची सहल झाली खरी. कान आणि जीभ मात्र घरींच राहिलीं!

वस्तुतः वर्गाच्या चार भिंतींत जें शिकवितां येत नाहीं, तें शिकविण्याचें सामर्थ्य त्या शहराच्या साध्या रस्त्यांत आहे. पावाच्या दुकानांत शिरतांना प्रथम ‘बोंझूर’ म्हणून नमस्कार करावयाचा असतो. तो न करतां एकदम जिन्नस मागणें तेथें असभ्यपणाचें समजतात. आपला पाव पुल्लिंगी, तर तेथील लांबट ‘बगेत’ स्त्रीलिंगी. परिचिताला ‘तू’ आणि अपरिचिताला ‘व्हू’ हा भेद मराठी मुलास नवा नाहीं. परंतु तो पुस्तकांत वाचणें निराळें, आणि गल्ल्यावरील अपरिचित बाईंशीं बोलतांना नेमक्या वेळीं आठवणें निराळें. सत्याण्णव हा आंकडा फ्रेंच माणूस ‘चार विसा, दहा, सात’ अशा अर्थाच्या शब्दांनीं उच्चारतो. विसांनीं मोजण्याची रीत आपल्या खेड्यांतूनही होती, म्हणून तिचें नवल वाटूं नये. तथापि मागें पांच गिऱ्हाइकें उभीं असतां तो आंकडा ऐकून नाणीं मोजून देणें, ही परीक्षा कोणत्याही लेखी परीक्षेहून कठीण आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां घरबसल्या फ्रेंच बोलपट पाहतां येतात, फ्रेंच बातम्या ऐकतां येतात, यंत्राशीं संभाषण देखील करतां येतें. मग एवढा खर्च कशासाठीं? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. हीं साधनें उत्तम आहेत आणि विद्यार्थ्यांनीं तीं रोज वापरावीं. परंतु यंत्र आपली वाट पाहत कंटाळत नाहीं. माणूस कंटाळतो, हंसतो, पुन्हां विचारतो, आणि कधीं कधीं अनपेक्षित गोड बोलतो. अडखळणाऱ्या परकीयाला पॅरिसचा दुकानदार पुष्कळदां इंग्रजींतच उत्तर देतो. त्या वेळीं संकोच गिळून ‘कृपा करून आपण फ्रेंचमध्येंच बोला’ असें त्याला सांगावयाचें धैर्य ज्या मुलाला होतें, त्याची सहल सफल झाली असें आम्ही समजूं.

माणसांत राहून भाषा येते, याला इतिहासाची साक्ष आहे. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स साष्टीच्या लोकांत वर्षानुवर्षें राहिले. म्हणूनच मराठींत सुमारें अकरा हजार ओंव्यांचें ख्रिस्तपुराण, जें १६१६ सालीं छापून निघालें, तें एका परकीयाच्या हातून लिहिलें गेलें. आठ दिवसांत कोणी स्टीफन्स होत नाहीं, हें उघड आहे. परंतु मार्ग तोच आहे. दुसरें उदाहरण युरोपांतलेंच घ्या. १८७०, १९१४ आणि १९३९ अशा तीन वेळां एकमेकांशीं लढलेल्या फ्रान्स व जर्मनी या देशांनीं १९६३ सालीं मैत्रीचा करार केला, आणि त्याच वर्षीं दोन्हीं देशांतील तरुणांच्या भेटींसाठीं एक संयुक्त संस्था स्थापिली. तेव्हांपासून लाखों मुलांना सीमेपलीकडे जातां आलें आहे. शाळाशाळांच्या अशा भेटींत मुलें पुष्कळदां एकमेकांच्या घरीं राहतात आणि तेथील मेजावर जेवतात. मनोरे पाहण्यानें हें साधलें नसतें.

तेव्हां सहलीची आंखणी भाषेच्या दृष्टीनें व्हावी, अशी आमची सूचना आहे. दोन-तीन मुलांची एकेक तुकडी करावी. आलीग्रच्या सकाळच्या बाजारांत तिनें फळें विकत घ्यावीं, भाव विचारावा, विक्रेत्याला त्याच्या गांवाचें नांव विचारावें. शिक्षकांनीं नजरेच्या टप्प्यांत, पण कानांच्या टप्प्याबाहेर उभें राहावें. म्हणजे पालकांची काळजीही दूर होईल. लूव्रमध्यें अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशमूल्य नाहीं. तेथें शंभर चित्रांसमोरून धांवण्यापेक्षां एकाच चित्रासमोर बसून त्याविषयीं दहा फ्रेंच वाक्यें लिहावीं. रात्रीं दिवसभरांत ऐकलेले नवे शब्द वहींत उतरवावे. शक्य तेथें उपाहारगृहाऐवजीं एखाद्या फ्रेंच शाळेंतील मुलांबरोबर जेवण व्हावें.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट, ती पैशाची. भाषेचा वर्ग सर्वांचा असतो. सहल मात्र ज्यांना परवडते त्यांचीच होते. ज्या मुलीचे उच्चार वर्गांत सर्वांत शुद्ध, ती वडिलांच्या तुटपुंज्या पगारामुळें मागें राहते, आणि ज्याला धड नमस्कारही येत नाहीं तो विमानांत बसतो. ती घरीं कांहीं बोलत नाहीं. पण अभ्यासाची किंमत कोठें केली जाते, हें तिला त्या दिवशीं कळतें. शिक्षणाच्या नांवाखालीं असें होणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. सहल हा अभ्यासाचा भाग असेल, तर निवड परिश्रमावरून व्हावी. दिवस कमी करावे, खर्च आटोक्यांत ठेवावा, आणि ऐपत असलेल्या पालकांनीं आपल्या मुलाबरोबर दुसऱ्या एखाद्या मुलाच्या खर्चाचाही वांटा उचलावा. हें जमत नसेल तर तिला खुशाल करमणुकीचा प्रवास म्हणावें. भाषेच्या वर्गाचें नांव तिला देऊं नये.

तरीही सर्वांना जातां येणार नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकानें न जाणाऱ्या एका सोबत्याचे पांच प्रश्न फ्रेंचमध्यें लिहून बरोबर न्यावे, ते पॅरिसच्या माणसांना विचारावे, आणि मिळालेलीं उत्तरें त्यांच्याच शब्दांत परत आणावीं. छायाचित्रें पाहून मागें राहिलेल्यांचें मन किंचित् खट्टू होतें. आपल्या प्रश्नाचें उत्तर दूरच्या नगरींतून आलें म्हणजे तें हर्षित होईल.

विद्यार्थिमित्रहो, जाण्याची संधि मिळाली तर जिभेचा संकोच सोडून जा. आणि पालकहो, मूल परत आल्यावर ‘काय काय पाहिलेंस?’ हा प्रश्न जरा मागें ठेवा, ‘कोणाशीं बोललास?’ हें आधीं विचारा.