कण्यांना झणका द्या, पण ज्वारी ज्वारीच राहू द्या



सध्या ज्वारीचे नूडल्स, ज्वारीचा पिझ्झा, ज्वारीचा पास्ता असलं बरंच काही बघायला मिळतंय. त्यावर आपल्यात दोन गट पडतात. एक म्हणतो, "चला, ज्वारीला दिवस आले." दुसरा म्हणतो, "आपल्या जेवणाचं वाटोळं झालं." मला दोन्ही पटत नाही.

आधी दुसऱ्या गटाशी बोलतो. ज्या हिरव्या मिरचीच्या ठेच्याशिवाय आपली भाकरी खाली उतरत नाही, ती मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती इकडं आणली, म्हणजे १४९८ नंतर. त्याआधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. शेंगदाणा, टोमॅटो, बटाटा, मका हेही तिकडचेच. तेव्हा "परकी चव नको" म्हणणाऱ्यानं आधी ठेचा बाजूला सारावा. बाहेरची चव घेऊन आपली करणं ही आपली जुनीच रीत हाय.

आता पहिल्या गटाशी. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून तर भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यानं मळावं लागतं, नाहीतर थापताना चिरा पडतात. ज्या पदार्थाला ताण लागतो, त्यात गहू-मैदा नाहीतर दुसरं काहीतरी चिकट घालावंच लागतं. म्हणून पाकीट उलटं करून वाचा. ज्वारी किती टक्के हाय ते बघा. नाव ज्वारीचं आणि पोट मैद्याचं असेल तर त्यात आपल्या शेताचा फायदा काय?

माझं मत असं, की नवीन चव द्यायचीच तर जिथं ज्वारीचाच गुण कामाला येतो तिथं द्या. तो पदार्थ म्हणजे कण्या. ज्वारीला पाण्याचा हात लावून कांडायची, कोंडा पाखडायचा, जात्यावर भरडायची, पीठ चाळून काढायचं. उरलेल्या कण्या मऊ शिजवून ताक-मीठ घालून खायच्या. आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, दमून आलेल्याला हेच. पण आजची पोरं म्हणतात, हे दवाखान्यातलं जेवण.

चीनमध्ये तांदळाची अशीच पेज सकाळी खातात, सोबत तिखट-खारट तोंडीलावणं घेतात. तिथल्या सिचुआन प्रांतात मिरचीचं तेल आणि जीभ झिणझिणवणारी एक मिरी वापरतात. आपण गाड्यावर ज्याला शेजवान म्हणतो, त्याचं नाव त्याच प्रांतावरून आलंय. चव मात्र आपली देशी. आणि गंमत बघा, ती झिणझिणणारी मिरी आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी बहीण. दोन्ही एकाच कुळीतली. कोकण-गोव्यात तिरफळ बांगड्याच्या आमटीत घालतात.

मग करा असं. करडईचं तेल चांगलं तापवा, गॅस बंद करून जरा निवू द्या. जाडसर कुटलेली मिरची, ठेचलेला लसूण, तीळ, मीठ आणि काळी बी काढून कुटलेली दोन-तीन तिरफळं एका भांड्यात घ्या आणि त्यावर तेल ओता. तेल फार कडक असेल तर मिरची करपून कडू होते. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी लवंगी. गरम कण्यांवर एक चमचा सोडा. आजारी माणसाची वाटी मात्र ताकाचीच राहू द्या.

यात ज्वारी आपली. करडई तर रब्बी ज्वारीची जुनी सोबतीण. लसूण, तीळ, मिरची आपल्याच शिवारातली. विकत आणायचं ते फक्त तिरफळ.

हे सगळं का लिहितोय? ज्वारीचा पेरा घटत चाललाय हे आपण डोळ्यांनी बघतोय. उपटायला, कणसं मोडायला माणूस मिळत नाही. पाखरं राखायला कुणी नाही. रेशनचा गहू-तांदूळ घरात असतो, आणि सोयाबीन, ऊस, हरभरा जागा खातात. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भाषणं झाली. पण ज्वारी टिकणार ती ताटात रोज आली तर. आणि ज्वारी गेली की कडबाही गेला, मग दावणीला काय घालणार?

कण्यांना यंत्र मोठं लागत नाही. भरडायची चक्की आणि चाळण्या असल्या की बचत गटाचं काम भागतं. दोन गोष्टी सांभाळा. दाणा फुटला की आतलं तेल उघडं पडतं आणि वास येऊ लागतो, म्हणून थोडं-थोडं करा आणि तारीख टाका. दुसरं, पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी यात घालू नका. मालदांडीसारखा टपोरा, पांढरा दाणाच घ्या.

कृषी विभागातली, विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात. त्यांना एकच विनंती: नवीन वाण देताना एकरी उतारा आणि कडबा बघता, तसं "कण्या कशा पडतात" हेही बघा.

तुमच्याकडं कण्या कशाबरोबर खातात? खाली लिहा.