लाखोरीची डाळ: बंदी कागदावर, डाळ पातेल्यात

आपल्याकडे धान कापणीला येतो, बांधीत अजून ओल असते, तेव्हाच उभ्या धानात लाखोरी फेकली जाते. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. शेतकी खाते याला उतेरा पद्धत म्हणते. धान निघून जातो आणि लाखोरी त्याच ओलीवर वाढते. कोवळ्या पानांची भाजी होते, ती वाळवून पावसाळ्यासाठीही ठेवतात. पुढे डाळ होते, वडे होतात. आणि दवाखान्यात दर हिवाळ्यात कोणीतरी विचारतोच, "डॉक्टर, लाखोरी खाल्ली की पाय जातात म्हणतात, खरं आहे का?"

खरे आहे, पण अर्धे. या डाळीत ओडीएपी नावाचे एक द्रव्य असते. ते मेंदूतून पायांकडे हुकूम नेणाऱ्या मज्जापेशींना इजा करते. रोजच्या खाण्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोरीचा असेल आणि असे सलग दोन-तीन महिने चालले, तर लॅथिरिझम होण्याची भीती असते. पोटऱ्यांत गोळे येतात, पाय ताठरतात, टाच टेकत नाही, चालताना गुडघे एकमेकांत अडकतात. पुढे काठी लागते. हा आजार बरा करणारे औषध नाही. तरुण पुरुषांत तो जास्त आढळतो, म्हणजे घरातला कमावता माणूसच बसतो.

हा मुख्यतः दुष्काळाचा रोग आहे. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने 1844 साली छापलेल्या पुस्तकात सागर भागातली हकीकत दिली आहे. गारपीट, अवर्षण आणि तांबेरा यांनी लागोपाठ गहू बुडवला, लोक याच डाळीवर जगले आणि तरुण मंडळी कमरेखाली लुळी पडली. रीवा संस्थानात तर मजुरी म्हणून हीच डाळ देत. 1907 साली तिथल्या महाराजांनी ती चाल बंद केली. माझ्या मते या डाळीबाबत आजवर झालेला सर्वांत शहाणपणाचा सरकारी हुकूम तोच. महाराजांनी पिकाला हात लावला नाही. गरिबाला पोटासाठी एकच एक अन्न खावे लागत होते, ती सक्ती मोडली.

पुढे अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 साली आला आणि 1961 मध्ये त्याच्या नियमांत लाखोरीच्या विक्रीला मनाई झाली. डाळ, पीठ, हरभऱ्यात किंवा दुसऱ्या डाळीत केलेले मिश्रण, सगळेच मना. मात्र अंमल कधीपासून करायचा ते प्रत्येक राज्याने राजपत्रात जाहीर करायचे होते. महाराष्ट्राने बंदी केली, शेजारच्या मध्य प्रदेशाने केली नाही, आणि छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होते. महामार्गाने देवरीच्या पुढे राज्याची सीमा ओलांडली की गुन्ह्याची डाळ साधी डाळ होत असे! शिवाय मनाई विक्रीला होती, पेरायला आणि घरी खायला नव्हती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत पाहणी केली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात बंदी असूनही बहुतेक घरांत लाखोरी खाल्ली जाते असेच दिसले.

मग बंदीने साधले काय? लाखोरीचे नाव गेले, लाखोरी गेली नाही. स्वतःच्या नावाने पोत्यात बसता येईना, म्हणून ती तुरीच्या डाळीत आणि बेसनात शिरली. गावचा शेतकरी जाणून खातो, सोबत भात असतो, भाजी असते. शहरातला गिऱ्हाईक मात्र तुरीचा भाव देतो आणि नकळत लाखोरी खातो. चौकातल्या आलूबोंड्याच्या बेसनात काय आहे, हे तळणाऱ्यालाही ठाऊक नसते.

ही बंदी उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी उपोषणे केली. 2016 च्या जानेवारीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने बंदी उठवण्यास अनुकूल मत दिल्याच्या बातम्या आल्या. त्यांचा आधार होता रतन, प्रतीक, महातिवडा या कमी ओडीएपीच्या वाणांचा. माझे मत असे की निव्वळ बंदी उठवणे अर्धवट आहे, आणि निव्वळ बंदी ठेवणे त्याहून अर्धवट. शेतकऱ्याला या वाणांचे बियाणे मिळावे, बाजार समितीत माल येताच ओडीएपीची तपासणी व्हावी, आणि पोत्यावर लाखोरी असे स्पष्ट लिहूनच ती विकली जावी. मी तीस वर्षांत लॅथिरिझमचा नवा रुग्ण पाहिलेला नाही. याचे श्रेय बंदीपेक्षा रेशनच्या धान्याला आणि ओलिताला अधिक आहे. पण एखाद्या वर्षी धान बुडाला, तर हे चित्र असेच राहील याची हमी मी देणार नाही.

ताबडतोब करण्यासारखे काही. तुरीच्या डाळीचा दाणा गोल असतो, लाखोरीचा चौकोनी, एका बाजूला उतरता. मूठभर डाळ ताटात पसरून पाहा. घरची लाखोरी गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, शिजवतानाही पहिले पाणी काढून टाका. विषारी अंश बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. रोज खाऊ नका, एकटी खाऊ नका. भात, पालेभाजी, आवळा सोबत असावा.

आणि बेसनाचा संशय असेल तर 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झालेल्या अन्न सुरक्षा कायद्याचे कलम 40 लक्षात ठेवा. फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेण्याचा हक्क साध्या गिऱ्हाइकालाही आहे. अट एवढीच की खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. माल खोटा निघाला तर फी परत मिळते. कोहमाऱ्यात हा हक्क कोणी वापरल्याचे मी अजून ऐकलेले नाही. चार घरांनी मिळून फी भरली तर कोणालाच जड जाणार नाही, आणि पत्रव्यवहार करायला मी तयार आहे. दवाखाना संध्याकाळी उघडा असतो.