श्यामची मुलगी

साने गुरुजींची 'श्यामची आई' ज्याने वाचली नाही, असा आमचा वाचक शोधूनही सापडावयाचा नाही. त्यामुळे 'श्यामची मुलगी' हे शब्द कानावर पडताच मराठी मन क्षणभर कोकणातल्या पालगडकडे धाव घेते. पण आज ज्या श्यामविषयी बोलावयाचे आहे तो पालगडचा नव्हे. तो मुंबईच्या चित्रसृष्टीतला देखणा नट, 'दिल्लगी' आणि 'पतंगा' ह्या १९४९ च्या बोलपटांचा नायक, सआदत हसन मंटोचा जिवलग मित्र. आणि त्याची मुलगी म्हणजे पाकिस्तानच्या दूरचित्रवाणीवरील अभिनेत्री व दिग्दर्शिका साहिरा काझमी.

'श्यामची मुलगी' ही ओळख आम्ही दिलेली नाही. ती आपल्याकडच्या बहुतेक सर्व लेखांतून, गप्पांतून, जुन्या चित्रपटांच्या आठवणींतून वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. साहिराबाईंचे नाव निघाले की पहिले वाक्य ठरलेले: 'म्हणजे आपल्या श्यामची मुलगी!' दुसरेही ठरलेले: 'राहत काझमीची पत्नी.' तिसऱ्या वाक्यापर्यंत फारसे कोणी पोचतच नाही. आणि त्या तिसऱ्या वाक्यातच त्या बाईंचे सारे कर्तृत्व दडलेले आहे. ह्या रीतीला आमचा विरोध आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत नोंदविण्यासाठीच हा लेख.

प्रथम जन्मकथा पाहू, कारण प्रतिपक्षाचा सारा भर तिच्यावरच आहे. साहिराबाईंचा जन्म १९५० सालचा, आपल्या मुंबईतला. २५ एप्रिल १९५१ रोजी 'शबिस्तान' ह्या चित्रपटाच्या चित्रीकरणात घोड्यावरून पडून श्यामचा अंत झाला. त्या वेळी ही मुलगी जेमतेम वर्षाची होती. आई ताजी तिला घेऊन लाहोरला गेली. फाळणीला तेव्हा चार वर्षेही पुरी झाली नव्हती. एका तरुण विधवेने तान्हे मूल घेऊन नव्या देशात जाऊन उभे राहावे, ह्यात केवढी हिंमत लागली असेल! पण 'श्यामची मुलगी' म्हणणाऱ्यांच्या तोंडी त्या माउलीचे नाव कधी येत नाही. 'श्यामची आई'त मुलगा सांगतो की मी जो काही आहे तो आईमुळे. इथे मात्र जिने वाढविले ती आई गळून पडते आणि ज्याचा चेहराही मुलीला आठवणे शक्य नाही, त्या बापाच्या नावावर तिचे सारे श्रेय जमा होते. हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, कलावंताची ओळख घराण्यावरून सांगणे ही आपली जुनी परंपराच आहे. किशोरी आमोणकरांना मोगूबाई कुर्डीकरांची कन्या म्हटले जातेच ना? जाते, आणि ते योग्यच आहे. मोगूबाईंनी लेकीला समोर बसवून तालीम दिली, सूर न सूर घासून घेतला. तिथे 'कन्या' ह्या शब्दात 'शिष्या' हा अर्थ भरलेला असतो. श्यामने आपल्या मुलीला काय शिकविले? त्या बिचाऱ्याला तशी सवडच मिळाली नाही. जिथे विद्येचे दान झालेले नाही तिथे नुसत्या रक्ताचा दाखला देणे ह्याला परंपरा म्हणत नाहीत. ती कुतूहलाची चव आहे. आम्ही श्यामला कमी लेखत नाही. परंतु त्याचे गुण त्याच्या चित्रपटांत पाहावेत, मुलीच्या मालिकांत शोधू नयेत.

आता नवऱ्याची गोष्ट. राहत काझमी हे पाकिस्तानच्या छोट्या पडद्यावरील नामांकित नट, ह्यात शंका नाही. १९७६ साली हसीना मोईन ह्यांनी हेन्री जेम्सच्या 'द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी' ह्या कादंबरीवरून बेतलेल्या 'परछाइयाँ' ह्या मालिकेत हे पतिपत्नी दोघेही होते, आणि अभिनेत्री म्हणून साहिराबाईंचे नाव तिथेच घरोघर पोचले. पण पुढे काय घडले तेही सांगितले पाहिजे. १९८७ साली पाकिस्तान टेलिव्हिजनच्या कराची केंद्रावरून 'धूप किनारे' ही मालिका दाखविली गेली. तिचे नायक डॉ. अहमर अन्सारी म्हणजे राहत काझमी, आणि दिग्दर्शिका साहिरा काझमी. नवरा कॅमेऱ्यासमोर उभा आणि त्याने कुठे थांबावे, कुठे वळावे, कुठे बोलू नये हे ठरविणारी बायको! तरीही 'राहतची पत्नी' हीच तिची ओळख. 'साहिराबाईंच्या हाताखाली काम केलेला नट' अशी राहतसाहेबांची ओळख करून दिलेली आम्ही तरी कधी ऐकली नाही.

ह्यावर अधिक शहाणा प्रतिपक्ष एक वेगळाच मुद्दा काढतो. तो म्हणतो, 'धूप किनारे' ही खरी हसीना मोईन ह्यांची कृती. दूरचित्रवाणीची मालिका लेखकाची असते, दिग्दर्शकाचे काम म्हणजे कॅमेरे हलविणे. हसीनाबाईंच्या थोरवीबद्दल आमचे दुमत नाही. १९४१ साली कानपुरात जन्मलेल्या आणि २०२१ साली कराचीत निवर्तलेल्या ह्या लेखिकेने उर्दू मालिकेला हसरी, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी नायिका दिली. परंतु तिच्याच तीन मालिका शेजारी ठेवून पाहाव्यात. 'अनकही' १९८२ ची, शोएब मन्सूर आणि मोहसिन अली ह्यांनी दिग्दर्शित केलेली. 'तनहाइयाँ' १९८५ ची, दिग्दर्शक शहज़ाद ख़लील. आणि 'धूप किनारे' साहिराबाईंची. लेखणी एकच, नायिकांचा खोडकरपणाही एकाच जातीचा. 'तनहाइयाँ' मधली धाकटी बहीण आणि 'धूप किनारे' मधली डॉ. ज़ोया ह्या दोन्ही भूमिका तर एकाच अभिनेत्रीच्या, मरिना खान ह्यांच्या. मग दुसरीत तेच हसू अधिक खोल का वाटते? थट्टामस्करी करणारी ज़ोया हळूहळू गंभीर होत जाते, आणि ती कोणत्या क्षणी बदलली हे बोट ठेवून दाखविता येत नाही. संवादांच्या कागदावर हे लिहिलेले नसते. ते घडवून आणावे लागते.

घडवून आणणे म्हणजे काय, हे ज्यांनी जुन्या पद्धतीचा स्टुडिओ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या काळी मालिकांचा पुष्कळसा भाग स्टुडिओत अनेक कॅमेरे एकाच वेळी लावून टिपला जाई. दिग्दर्शक नियंत्रणकक्षात बसून समोरच्या पडद्यांवर प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र पाहात असे आणि त्यांतले कोणते घ्यावयाचे हे त्याच क्षणी ठरवीत असे. बोलणाऱ्याचा चेहरा दाखवावा की ऐकणाऱ्याचा? वाक्य संपल्यावर त्या चेहऱ्यावर किती वेळ थांबावे? प्रेक्षकाच्या काळजाला जे भिडते ते ह्या निवडीतून. डॉ. अहमरवर मूकपणे प्रेम करणारी डॉ. शीना आठवा. बदर ख़लील ह्यांनी ती उभी केली खरी; पण तिचे न बोललेले दुःख प्रेक्षकापर्यंत पोचले, कारण कोणीतरी तिच्या मौनावर कॅमेरा रोखून धरला होता.

आणि हे सारे कोणत्या काळात? १९७७ पासून १९८८ पर्यंत पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक ह्यांची राजवट होती. छोट्या पडद्यावरील स्त्रियांनी डोके झाकावे असा सरकारी दंडक होता. महताब चन्ना ह्या निवेदिकेने तो मानला नाही आणि तिला पडद्यापासून दूर व्हावे लागले. स्त्रीपुरुषांनी एकमेकांना स्पर्श करणे पडद्यावर वर्ज्य होते. अशा काळात प्रौढ डॉक्टर आणि त्याच्या हाताखालची तरुण डॉक्टर ह्यांची प्रेमकथा सांगावयाची, आणि तीही अशी की मध्यवर्ती पात्र स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी, रुग्णालयात पुरुषांच्या बरोबरीने काम करणारी मुलगी असावी! साहिराबाईंनी घोषणा दिल्या नाहीत, बंड पुकारले नाही. बंधनाच्या चौकटीतच दृष्टी आणि मौन ह्यांची भाषा त्यांनी अशी घडविली की स्पर्शाची उणीव कोणाला भासली नाही. हे श्रेय श्यामला द्यावयाचे की राहतला?

'धूप किनारे'चे जग हे कराचीच्या बंगल्यांचे आणि मोटारींचे जग आहे, गरिबाला तिथे फारसा प्रवेश नाही, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण दिग्दर्शिका तिथेच बसून राहिली नाही. १९९१ साली तिने 'आहट' केली: मुलगा हवा म्हणून वाढत जाणारे कुटुंब आणि त्यात झिजत जाणारी बायको. १९९३ साली असग़र नदीम सय्यद ह्यांनी लिहिलेली 'निजात' केली. दोन्हींचा हेतू लोकशिक्षणाचा, कुटुंबनियोजनाचा. असल्या प्रचारी विषयांची सरकारी माध्यमांतून काय दशा होते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. पाटी वाचल्यासारखे संवाद आणि शेवटी डॉक्टरांचे व्याख्यान. साहिराबाईंनी त्या विषयांना घर दिले, माणसे दिली. सासू, सून, नवरा ह्यांची भांडणे खरी वाटली म्हणूनच उपदेश ऐकला गेला. लोकप्रिय प्रेमकथेनंतर अशा कोरड्या समजल्या जाणाऱ्या विषयाला हात घालणे हे धाडसच होते, पण त्याची आठवण आपल्यापैकी कितीजण काढतात?

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. विजया मेहता ह्यांचा जन्म आपल्या बडोद्याचा. त्याही अभिनेत्री, त्याही दिग्दर्शिका. 'रावसाहेब' ह्या १९८६ च्या चित्रपटात तर दोन्ही भूमिकांत. मराठी रंगभूमीवर 'बाई' एवढे म्हटले तरी पुरते. कोणाची कन्या, कोणाची पत्नी असे कोणी विचारीत नाही. म्हणजे स्त्रीला तिच्या कामावरून ओळखण्याची रीत आपल्याला ठाऊक नाही असे नव्हे. ती आपण घरच्यांसाठी राखून ठेवतो आणि परक्यांना बापाच्या नावावर बोळवतो.

२०११ साली 'धूप किनारे'चे हिंदी रूप 'कुछ तो लोग कहेंगे' ह्या नावाने आपल्याकडे आले. कराचीचे लखनौ झाले. नायकाची भूमिका आधी मोहनीश बहल ह्यांनी आणि मागाहून ग्वाल्हेरात जन्मलेल्या शरद केळकरांनी केली. जी कथा मुळात मोजक्या भागांत संपली होती ती जवळजवळ दीड वर्ष ताणली गेली. मूळ मालिकेचे सौंदर्य तिच्या आटोपशीरपणात होते, कुठे थांबावे हे जाणण्यात होते. नेमके तेवढेच आपल्या बाजाराने फेकून दिले. कथानक विकत घेता येते, दिग्दर्शन विकत घेता येत नाही. 'मालिका म्हणजे लेखन' असे म्हणणाऱ्यांनी हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. आमचा युक्तिवाद आपोआप सिद्ध होईल.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. पाकिस्तानी कलावंताची एवढी तळी आज कशाला उचलावयाची? २०१६ साली उरीच्या हल्ल्यानंतर 'ज़िंदगी' वाहिनीवरच्या पाकिस्तानी मालिका बंद झाल्या. २०२५ च्या मे महिन्यात, पहलगामच्या हत्याकांडानंतर, तिकडची मालिका-गाणी आपल्या माध्यमांवरून काढण्याची सूचना सरकारने दिली. त्या हत्याकांडात ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांच्या दुःखापुढे आम्ही मान लववतो, आणि देशाच्या संरक्षणाचे निर्णय मासिकाच्या पानावर होत नाहीत हेही जाणतो. पण मालिका दाखवावी की नाही हा एक प्रश्न, आणि ती कोणी घडविली हे खरे सांगावे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काळाप्रमाणे बदलेल. दुसऱ्याचे बदलत नाही. शिवाय गंमत अशी की, ज्यांना पाकिस्तानी दिग्दर्शिकेचे नाव नको असते त्यांनाच 'आपल्या श्यामची मुलगी' म्हणून तिच्यावर हक्क सांगावयाचा असतो. श्रेय आपले, माणूस परका! आम्ही सीमेवरची आणि मूळ मुलखाबाहेर वसलेली माणसे. नकाशावरच्या रेषेने माणसाची ओळख दुसऱ्याच्या खात्यावर कशी चढविली जाते, हे आम्हांला कोणी शिकवावयास नको.

'धूप किनारे'तल्या ज़ोयाचे काम करणाऱ्या मरिना खान पुढे स्वतः दिग्दर्शिका झाल्या. २०२१ ची 'परदेस' त्यांचीच. परंपरा सांगावयाचीच असेल तर ती अशी सांगा: नायिकेने दिग्दर्शिकेचे काम जवळून पाहिले आणि पुढे स्वतः ती जागा घेतली. ह्या परंपरेत विद्या आहे, श्रम आहेत.

आमची मागणी मोठी नाही. ह्यापुढे आपल्या पानांवर, आपल्या बैठकांत हे नाव निघेल तेव्हा पहिले वाक्य असे असावे: साहिरा काझमी, 'धूप किनारे', 'आहट' आणि 'निजात' ह्यांच्या दिग्दर्शिका. दुसऱ्या वाक्यात मुंबईचा जन्म सांगा, तिसऱ्यात ताजीबाईंचे नाव घ्या, चौथ्यात श्यामची आठवण अवश्य काढा. आठवण काढण्यास आमची हरकत नाही. आमची हरकत फक्त क्रमाला आहे.